शिडीखालचा माणूस

विभाग सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, पण दारावर पाटी नव्हती. नसल्यानं कुणाचं काही अडतही नव्हतं, कारण त्या मजल्यावर सहसा कुणी फिरकत नसे. खालच्या मजल्यावरचे इतिहासवाले जिन्यात भेटले की गालातल्या गालात हसायचे, आणि शिपाई टपाल टेबलावर टाकून असा सटकायचा, की जरा रेंगाळला तर त्यालाही कसली तरी लागण होईल. शेवटी विभागप्रमुख मॅडमनी वरच्या कार्यालयाशी भांडभांड भांडून पाटी मंजूर करून घेतली: लिंगभाव आणि लैंगिकता अभ्यास विभाग. छापून आलेली पाटी चौकटीपेक्षा वीतभर लांब निघाली. मग हातानं अक्षरं रंगवणारा अजून कुणी उरलाय का, याची शोधाशोध झाली.

आले ते दोन म्हातारे. एक ठेंगणा, बडबड्या, कानावर ब्रश खोचलेला. तो पेंटर. दुसरा उंच, पाठीत जरासा वाकलेला, आणि तोंड इतकं घट्ट मिटलेलं, की बोलण्यावर कर बसवलाय की काय असं वाटावं. त्याचं काम शिडी धरण्याचं. दुकानांच्या पाट्या हातानं रंगवत असत तेव्हापासून पेंटर वर आणि हा खाली. त्यांच्या गल्लीत लहानथोर सगळे त्याला शिडीकाका म्हणायचे. पेंटर म्हणायचा शिड्या.

पेंटरनं कागदावरचं नाव वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"इथं शिकवतात काय नक्की?" त्यानं विचारलं.

दारात उभी होती ती मॅडमच्या हाताखाली प्रबंध लिहिणारी मुलगी. मुलगी आपली म्हणायला. तिशी उलटून गेली होती आणि प्रबंध काही हातावेगळा होत नव्हता. हा प्रश्न कुणी विचारला की ती एरवी पाठ केलेलं उत्तर द्यायची आणि समोरचा जांभई द्यायचा. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून साधंच काहीतरी निघालं.

"माणसं कुणावर जीव लावतात, घरात कशी राहतात, आणि बाई म्हणून, पुरुष म्हणून लोक त्यांच्याकडून काय काय मागतात, याचा अभ्यास करतो आम्ही."

"कुणावरही जीव लावला तरी?"

"कुणावरही."

पेंटरनं कानावरचा ब्रश काढला. शिडीवर चढला आणि कामाला लागला. ती तिथंच खुर्ची टाकून बसली होती, म्हणून तिला दिसलं. खाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचा एक पाय सगळ्यात खालच्या पायरीवर होता, एक हात दांडीला होता आणि दुसरा हात पेंटरच्या पायाच्या घोट्याला. घट्ट धरलेला नव्हता, नुसता टेकवलेला होता. पाटी पुरी होईपर्यंत तो तिथून हलला नाही.

आठवडाभरानं दोघं पुन्हा आले. अक्षरांवर दुसरा हात मारायचा राहिलाय म्हणाले. काही राहिलं नव्हतं. पेंटरनं उगाच एक-दोन ठिकाणी ब्रश फिरवला, मग खाली उतरून हात पुसत तिला विचारलं, "आमचं लिहून घेता का?"

असं घरबसल्या घबाड हाती लागावं, असं संशोधकाच्या आयुष्यात फारसं घडत नाही. ती तेव्हा तरण्या मुलांच्या मुलाखती घेऊन थकली होती. ती मुलं तिला तिच्याच पुस्तकांतले शब्द ऐकवायची. इथं मात्र दोन म्हातारे होते, ज्यांच्याकडे या गोष्टीसाठी एकही शब्द नव्हता, आणि ज्यांनी सगळं आयुष्य त्या गोष्टीत काढलं होतं.

पेंटरच्या घरामागे त्याची कामाची खोली होती. रंगाचे डबे, टर्पेंटाइनचा वास, भिंतीला टेकवलेल्या जुन्या पाट्या. ती दुपारी जायची, रेकॉर्डर मधे ठेवायची, आणि पेंटर बोलायला लागायचा. तिचं नाव त्यानं टेपवाली ठेवून दिलं. शिडीकाका कोपऱ्यात स्टुलावर बसून ब्रश धूत असायचा. तो मुलाखतीत नव्हता म्हणायचं, पण पेंटर काही चुकीचं सांगायला लागला की तिकडून आवाज यायचा, "हिरवी नव्हती ती पाटी. निळी होती." तेवढंच.

पेंटरनं सगळं सांगितलं. दोघं एकाच उस्तादाकडे शिकायला होते ते. घरच्यांनी लग्न ठरवलं आणि त्यानं निमूटपणे केलं ते. शिड्यानं कधीच केलं नाही ते. बायको कशी होती ते सांगताना त्याचा आवाज खाली गेला.

"चांगली होती हो. माझ्या वाट्याला आली, हे तिचं दुर्दैव. रोज दोन डबे भरायची. एक माझा, एक त्याचा. त्याच्या डब्यात जास्त घालायची, कारण तो उभा असतो दिवसभर. कधी विचारलं नाही तिनं काही. मी पण सांगितलं नाही. गेली तेव्हा शिड्या माझ्यापेक्षा जास्त रडला."

दुसऱ्या एका दुपारी तिनं शिडीबद्दल विचारलं.

"शिडी तो धरायचा," पेंटर म्हणाला. "एक हात दांडीला, एक माझ्या घोट्याला. लोकांना वाटायचं, मी पडेन म्हणून धरलाय. मी कशाला पडतोय? पण भर रस्त्यात, भर दुपारी, शंभर लोकांच्या देखत आम्हाला एकमेकांना हात लावता यायचा तो तेवढाच."

कोपऱ्यातला ब्रश धुण्याचा आवाज थांबला होता. पेंटरलाही ते जाणवलं असावं, कारण त्यानं लगेच विषय कामावर नेला. वरून खाली ओरडलेलं ऐकू जायचं नाही, रस्त्यावर गोंगाट, मग खुणा ठरलेल्या होत्या. दांडीवर एक टक म्हणजे रंग वर दे. टक-टक म्हणजे मला खाली उतरव.

"उन्हानं डोळ्यापुढे अंधारी आली की टक-टक करायचो. दुसरी टक होईपर्यंत हा दोन पायऱ्या चढून आलेला असायचा."

शेवटच्या दिवशी त्यानं एकच अट घातली. "माझ्या पोराच्या कानावर जाता कामा नये. तो माझ्यापेक्षा आईचा आहे."

"काका, नाव, गाव, धंदा सगळं बदलते मी. तुम्हाला स्वतःला ओळखू येणार नाही."

आणि तिनं खरंच बदललं. पेंटरचा वायरमन केला, शहर बदललं, मुलाच्या जागी मुलगी घातली. वायरमन का, तर त्यालाही शिडी लागते. शिडी तिला सोडवेना. मॅडमनी मसुदा वाचला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मॅडमच्या डोळ्यांत पाणी म्हणजे काही रोजची गोष्ट नव्हती.

"टक-टकचा भाग काढ, तो नुसता कामाचा तपशील आहे," मॅडम म्हणाल्या. "बाकी हात लावू नकोस. शिडी आणि ते दोन डबे तसेच राहू देत. सगळं प्रकरण त्यावर उभं आहे."

तिनं टक-टक काढली. शिडी ठेवली, डबे ठेवले, आणि प्रकरणाला नाव दिलं 'शिडी धरणारा हात'. असली चूक दुकानदाराच्या हातून झाली नसती, पोलिसाच्याही नाही. वाक्यावर भाळणाऱ्या माणसांच्याच हातून ती होते. घर लपवायचं म्हणून सगळ्या खिडक्यांना पडदे लावले आणि दारावरची पाटी तेवढी सुंदर आहे म्हणून राहू दिली, त्यातली गत.

त्यानंतर पेंटरला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला.

मुलगा एका माल वाहतूक कंपनीच्या कचेरीत होता, सून शाळेत शिकवायची. दुपारचं घर रिकामं. मग शिडीकाका दुपारी यायला लागला. कुणी बोलावलं नाही, कुणी विचारलं नाही. तो आला, बाही वर केली आणि कामाला लागला. अंग पुसायचा, कूस बदलायचा, चमच्यानं भरवायचा, एक दिवसाआड दाढी करायचा. दाढीच्या बाबतीत पेंटर पहिल्यापासून नखरेबाज. सून शाळेतून घरी यायची तेव्हा सासरा पावडर लावून, भांग पाडून पडलेला असायचा आणि शेजारी हा खुर्चीत डुलक्या घेत असायचा. मुलगा गल्लीत चारचौघांत सांगायचा, "काका नसते तर आमचं काही खरं नव्हतं." लहानपणी याच काकाच्या खांद्यावर बसून त्यानं सर्कस पाहिली होती.

त्या दोघांचं जग आता त्या दुपारींपुरतं उरलं होतं, आणि ते त्यांना पुरत होतं. टेपवालीला हे ठाऊक होतं. ती मधून मधून जायची, दारातून बघायची, आणि तिला बरं वाटायचं.

प्रबंध जमा करायची वेळ आली आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीनं बोट ठेवलं. मसुदा ज्याचा त्याला दाखवून संमती घ्यायची, हा नियम. वाचता येत नसेल तर मोठ्यानं, स्पष्ट वाचून दाखवायचं. सही करता येत नसेल तर घरातला साक्षीदार समोर हवा. आणि ज्याचा मजकुरात उल्लेख आहे असा माणूस साक्षीदार चालणार नाही; वाचताना तो खोलीतही नको, म्हणजे दडपण येणार नाही. माणसाचं भलं व्हावं म्हणूनच केलेला नियम होता तो. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

"जमत नसेल तर ती मुलाखत गाळून टाक," मॅडम म्हणाल्या. "प्रकरण लंगडं होईल, पण होऊ दे."

हे त्या म्हणाल्या होत्या, हे सांगायलाच हवं. तिला वाट मोकळी होती. पण इतकी वर्षं घासल्यावर हातात आलेलं एकच जिवंत प्रकरण गाळायचं तिच्या जिवावर आलं. तिनं मनाची समजूत घातली. वायरमन आहे, दुसरं शहर आहे, मुलगी आहे. सुनेला काय कळणार?

ती गेली तो शाळेला सुटीचा दिवस होता. सून घरात होती, म्हणून तर ती तोच दिवस बघून गेली. शिडीकाका पलंगाशी उभा राहून पेंटरची दाढी करत होता. डावा गाल झाला होता, उजव्यावर फेस होता.

तिनं सगळं समजावून सांगितलं. सून म्हणाली, "मुलाखत ना? वाचा की. ऐकते मी."

शिडीकाकाच्या हातातला वस्तरा थांबला. "कशाला वाचायचंय?" तो म्हणाला. "तो बोलला ना तुझ्याशी. आता काय?"

"नियम आहे काका. आणि काका, जरा बाहेर थांबता का? पाचच मिनिटं."

"दाढी व्हायचीय."

"पाचच मिनिटं."

त्या खोलीतून त्याला आजवर कुणी बाहेर जायला सांगितलं नव्हतं. त्यानं एकदा पेंटरकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग वस्तरा पुसून ठेवला, गार झालेल्या पाण्याचं भांडं उचललं आणि पाणी बदलून आणतो म्हणत मागच्या मोरीकडे गेला. पेंटरची नजर दारापर्यंत त्याच्या मागे गेली.

"काका," ती पेंटरला म्हणाली, "मी वाचते. मान्य असेल तर डावा हात हलवा. नाही हलवला तर मी समजेन की मान्य नाही."

आणि ती वाचायला लागली. पेंटरला झटक्यानंतर कमी ऐकू येत होतं, म्हणून आवाज चढवून. वर्गात वाचतात तसं, एकेक शब्द सुटा. वायरमन, त्याचा जोडीदार, दुसरं शहर. सून पदर सावरून शांत बसली होती. शिडीचा भाग आला तेव्हा टेपवालीचा आवाज आपोआप आणखी खुलला. ते वाक्य तिचं लाडकं होतं. भर रस्त्यात, भर दुपारी, शंभर लोकांच्या देखत.

पेंटरच्या डाव्या हाताची बोटं पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटली. टक-टक. थोडं थांबून पुन्हा, टक-टक.

तिनं वर पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "म्हणजे मान्य आहे ना काका? वहिनी, पाहिलंत ना तुम्ही? हात हलवला."

"हलवला," सून म्हणाली. तिचा आवाज कोरडा पडला होता. "झालं ना मग? बास आता."

"एवढंच शेवटचं," टेपवाली म्हणाली, आणि तिनं दोन डब्यांचा भाग वाचला. रोज दोन डबे भरायची. त्याच्या डब्यात जास्त घालायची, कारण तो उभा असतो दिवसभर. पलंगाची कड वाजतच होती. सून मध्येच उठली आणि आतल्या दाराकडे गेली. दार लावून घ्यायला गेली होती ती, पण तिला उशीर झाला होता. दारात मुलगा उभा होता. सर्दी-तापानं कामावर न जाता आतल्या खोलीत झोपलेला, मोठ्या आवाजानं जागा झालेला, हातात पाण्याचा पेला.

"कुणाचं आहे हे?" त्यानं विचारलं.

"एका वायरमनचं आहे दादा. दुसऱ्या शहरातल्या."

"असं होय." तो वडिलांकडे बघत होता. "आमची आई पण दोन डबे भरायची."

पेंटरच्या उजव्या गालावर फेस वाळत चालला होता.

"तिला माहीत होतं?" मुलगा वडिलांना म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाबा, आईला माहीत होतं, आणि ती डबे भरत राहिली?"

पेंटरनं डोळे मिटून घेतले. कड वाजायची थांबली.

तेवढ्यात शिडीकाका ऊन पाण्याचं भांडं घेऊन दाराशी आला. मुलानं पेला खाली ठेवला, पुढे होऊन दोन्ही हातांनी ते भांडं त्याच्याकडून घेतलं.

"द्या इकडे. मी करतो."

"तुला जमायचं नाही. त्याची कातडी फार..."

"जमेल. तुम्ही किती करणार काका? दमता तुम्ही. उद्यापासून माणूस ठेवतोय मी." सगळं कसं अदबीनं. आवाज खाली, नजर भांड्यातल्या पाण्यावर. "तुम्ही आता दगदग करू नका. येऊच नका."

शिडीकाका उभा राहिला. रिकामे हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. मग त्यानं वर केलेली बाही खाली घेतली, बटण लावलं आणि जिना उतरून गेला.

सुनेनं सही केली. तिनं ती का केली हे टेपवालीला नंतरही कळलं नाही. कदाचित ही बाई एकदाची घराबाहेर जावी म्हणून. जिन्यापर्यंत ती सोडायला आली आणि तिथं हळू आवाजात म्हणाली, "लग्न होऊन आले त्याच वर्षी मला कळलं होतं. सासूबाईंना तर माहीत होतंच. ह्यांनाही आत कुठंतरी माहीत असणार, आंधळे नाहीत ते. पण कुणी बोललं नव्हतं, म्हणून सगळं चाललं होतं. तुम्ही मोठ्यानं वाचलंत."

माणूस ठेवला गेला. चांगला होता, वेळेवर येणारा, पांढरे कपडे घालणारा. पेंटर त्याच्या हातून खाईना. आधी निम्मं खायचा, मग दोन चमचे, मग तोंडच उघडेना. शिडीकाका दुपारी समोरच्या फुटपाथवर, बंद दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. वर बघायचा नाही, नुसता बसायचा. मुलगा खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा. वाईट माणूस नव्हता तो. पलंगावरच्या बापाकडे पाहिलं की त्याला आई दिसायची, डबे भरणारी, आणि ती काही केल्या डोळ्यांपुढून हलायची नाही.

पेंटर गेला. जिना अरुंद, खाली उतरवताना चौघांना वळता येईना. गर्दीतून शिडीकाका पुढे झाला, सवयीनं, आणि पायांकडच्या बाजूला हात घातला. मुलगा म्हणाला, "राहू द्या काका. आहेत माणसं." त्यानं हात काढून घेतला.

प्रबंधाची तोंडी परीक्षा थाटात झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी 'शिडी धरणारा हात' या प्रकरणाचं विशेष कौतुक केलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे परत जाऊन, साक्षीदारासमोर त्याचीच गोष्ट त्याला वाचून दाखवली, संशोधनातल्या नीतीचा हा वस्तुपाठ आहे, असं ते म्हणाले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. टेपवाली पाटीखालून बाहेर पडली, आणि तिला कुठंतरी जाऊन जोरजोरात रडावंसं वाटलं. ती शिडीकाकाकडे गेली.

त्याची एकच खोली. पलंग, स्टोव्ह, खुंटीवर दोन सदरे. शिडी खोलीत उभी मावत नव्हती, म्हणून ती भिंतीला तिरकी लावून ठेवली होती आणि तिच्या खालच्या पायऱ्यांवर टॉवेल वाळत घातला होता. त्यानं तिला खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसला. ती माफी मागायचे शब्द जुळवत होती. तो ते ऐकायला थांबला नाही.

"उजवा गाल कुणी केला त्या दिवशी?"

"दादांनी."

"कापलं?"

"थोडंसं. हनुवटीजवळ."

त्यानं मान हलवली, कापणारच असं समजून.

"मी पाणी आणायला गेलो होतो," तो म्हणाला. "मोरीत नळ सुरू होता, मला काही ऐकू आलं नाही. तू वाचत होतीस तेव्हा तो नुसता पडून होता?"

"नाही काका. हात हलवला त्यांनी. मला वाटलं, मान्य आहे म्हणतात."

"कसा हलवला?"

तिला दाखवायचं होतं म्हणून तिनं हात पुढे केला. जवळ शिडीची दांडी होती. तिनं बोटांनी त्यावर वाजवून दाखवलं, टक-टक.

दुसरी टक होते न होते तोच म्हातारा पलंगावरून उठला होता. दोन पावलं पुढे, एक हात दांडीला, दुसरा वर, जिथं कुणाच्या तरी पायाचा घोटा असायला हवा होता तिथं. हात हवेत गेला. तो तसाच उभा राहिला. टेपवालीचा हात दांडीवरच अडकून पडला होता, कारण आता तिलाही ती दुपार आठवली, रंगाच्या डब्यांमधली, आणि आपण काढून टाकलेला तो भाग आठवला.

"किती वेळा?" त्यानं विचारलं.

तिला खोटं बोलता आलं असतं. "शेवटपर्यंत," ती म्हणाली. "मी वाचत होते तोवर."

शिडीकाकानं हात खाली घेतला. पायरीवरचा टॉवेल सरकला होता, तो नीट केला.

"अगं, उतरव म्हणत होता तो," तो म्हणाला. "मला बाहेर काढलंस ना? मग तू उतरवायचं होतंस."